भात टाकायला सांग

इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचते. कधी लाइक नाही, कमेंट नाही. खरं सांगते, वाचून हसणाऱ्यांतलीच होते मी. तीच पांढरी साडी, तोच घाट, तीच लिफ्ट मागणारी बाई... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. मी कुवेतमध्ये वाढले, इंग्लिश मीडियममध्ये शिकले आणि शुऐबाला एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे कुठल्या ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन कुणाकडे गेली, हे दिवसभर बघायचं. अशा नोकरीत माणूस पुरावा हातात आल्याशिवाय काही मानत नाही. माझं मराठी शाळेतलं नाही. अम्मीचं, नानीचं आणि वाचून वाचून आलेलं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कोकणी मुसलमान. अम्मीचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या काठी. गावाचं नाव देत नाही, कारण गाव लहान आहे, लगेच ओळखतील. माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, कुवेतमध्ये मच्छीमारी लाँचवर खलाशी होते. कुवेत शहरासमोर समुद्रात फैलका नावाचं छोटं बेट आहे. तिथे तेव्हा कोळ्यांची वस्ती होती आणि नानांचा मालक तिथलाच होता. लाँच तिथून सुटायची, नानांची झोपायची खोलीही तिथेच कुठेतरी होती.

नव्वद साली इराकी फौज आली, तेव्हा बेटावरच्या सगळ्यांना तिथून काढलं. नानांच्या बरोबरचा एक खलाशी जॉर्डनमार्गे कसाबसा गावी पोचला. त्याने सांगितलं ते एवढंच – आम्हाला बोटीत चढवत होते. इस्माईलभाई चढलेले. मग म्हणाले, माझं जाळं राहिलं, आणि उतरले. बोट काही थांबली नाही.

पुढे काही नाही. एम्बसीत विचारून झालं, मालकाचा शोध झाला, मशिदीत दुआ झाल्या. नानांचा एक फोटोसुद्धा घरात नाही. होता तो पासपोर्टवर, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. अम्मी तेव्हा शाळेत होती. तिला वडिलांचा चेहरा आठवतो की आपण आठवून आठवून तो तयार केलाय, हे तिला स्वतःलाच माहीत नाही.

नानी मात्र ठाम होती. तिने हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत, नवरा गेल्यावर बाईने घरात बसून पाळायची ती इद्दत पाळली नाही. शबेबरातच्या संध्याकाळी आमच्याकडे हलवा करतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घेऊन फातेहा देतात. त्यात नानांचं नाव कधी घेतलं गेलं नाही. कुणी विषय काढला की नानी म्हणायची, “कोनी जाऊन बघितलंय काय? बघितलं नाय तवर नाव घ्यायचं नाय.”

तिची अजून एक सवय होती. मी लहानपणी सुट्टीत गावी जायचे तेव्हा मला तिची गंमत वाटायची. संध्याकाळी तांदूळ धुऊन, आधण ठेवून ती चुलीपाशी नुसती बसून राहायची. पाणी उकळून आटायला लागलं तरी तांदूळ आत सोडायची नाही. कुणीतरी येऊन “नानी, भात टाक” म्हणावं लागायचं, मगच टाकायची. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा. भूक लागली की ओरडायचो, “टाक गो भात!” ती हसायची आणि टाकायची. असं का, हे मी कधी विचारलं नाही. माझा स्वभावच नाही विचारायचा. मी बघते.

गेल्या पावसाळ्यानंतर नानी गेली. या शबेबरातला पहिल्यांदाच तिचं नाव घ्यायचं होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. लग्न होऊन अम्मी कुवेतला आली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. फहाहीलला आमच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं तर समुद्र दिसतो. फैलकाला हिवाळ्यात फेरी जाते, सहलवाले जातात, तास-दीड तासाचा रस्ता. पण ती कधी गेली नाही. पप्पा दर वर्षी म्हणायचे, चल जाऊन येऊ. ती म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात. मोठी झाल्यावर मला कळलं – ती गेली नव्हती, तोवर तिच्या हिशोबी नाना तिथे असू शकत होते. जाऊन रिकाम्या हाताने परत येणं म्हणजे स्वतःच्या हाताने त्यांना पुरणं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती सिंकपाशी बांगडे साफ करत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “सना, तुझ्या ऑफिसातल्या पोरी जातात ती बेटावरची ट्रिप... शुक्रवारी असते काय?”

पप्पा टीव्हीसमोरून म्हणाले, “का? फहाहीलच्या बाजारातले मासे संपले?”

अम्मी हसली नाही. पप्पांनी आवाज कमी केला. त्या ट्रिपमध्ये काय ठरणार होतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. शबेबरात आठवड्यावर आली होती. नानीच्या नावाच्या शेजारी नानांचं नाव घ्यायचं की नाही – इतकंच.

पप्पांना शुक्रवारी अहमदीला ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. अम्मीने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी केली. फेरीवर मी ती पिशवी पायांच्या मधे घट्ट धरून बसले, कारण सुकटाचा वास... शाळेत डब्यावरून मला इतकं चिडवलं आहे की आजही तो वास आला की मी आपोआप अंग चोरते. अम्मी सबंध रस्ता पाण्याकडे बघत होती. थंड वारं होतं, ऊन चांगलं होतं. चारी बाजूंना फोटो काढणारी माणसं, कुणाची पोरं रडतायत. भीती वाटावी असं काहीसुद्धा नव्हतं.

गाइड एक इजिप्शियन बाई होती, इंग्लिशमध्ये बोलत होती. तिने आधी ग्रीक लोकांच्या देवळाचे आणि किल्ल्याचे अवशेष दाखवले. दोन हजार वर्षांहून जुने. दोर लावलेले दगड, त्यापलीकडे समुद्र. ती म्हणाली, हे सैनिक घरापासून इतके लांब आले होते, त्यांनी या बेटाला आपल्याकडच्या समुद्रातल्या एका बेटाचं नाव दिलं, इकारोस. तेही असंच, मासे धरणाऱ्यांचं. मी हळू आवाजात अम्मीला मराठीत सांगत होते.

“आठवण येत असेल बिचाऱ्यांना,” अम्मी म्हणाली. “आपल्या गल्लीतल्या बकाल्याच्या दुकानाला नाही का ‘कोकण’ नाव ठेवलंय.”

“आणि आत मिळतो केरळचा फणस,” मी म्हटलं.

तेव्हा ती हसली. दिवसभरात तेवढीच.

मग बस जुन्या गावात गेली. तिथे लोक परत राहायला आलेच नाहीत. घरं तशीच उभी आहेत – भिंतींना गोळ्यांची भोकं, खिडक्यांच्या चौकटी गेलेल्या, अंगणात वाळू. शाळा आहे, बँक आहे, दुकानांच्या पाट्या आहेत. माणूस नाही, फक्त मांजरं. गाइडने सांगितलं, बोटीला वेळ आहे, फिरा, पण पडक्या भिंतींच्या जवळ जाऊ नका.

अम्मी जुन्या धक्क्याच्या दगडावर जाऊन बसली. “तू ये फिरून,” म्हणाली. “मला जरा बसू दे.”

मला तिला एकटं सोडायचं नव्हतं, पण तिच्या आवाजात असं काही होतं की मी पिशवी घेऊन निघाले. एका गल्लीत शिरले. भिंतींमुळे तिथे वारा लागत नव्हता, बरं वाटलं. गल्लीच्या शेवटी एक घर होतं, दाराला दार नाही, आत चौकोनी अंगण. मी उंबऱ्याशी थांबून फोनवर फोटो काढणार, इतक्यात आतून कुणीतरी म्हणालं,

“बोट गेली काय गो?”

आमची कोकणी. नानी बोलायची तशीच. मी दचकले, पण घाबरले नाही. कारण कुवेतमध्ये हे काही नवल नाही. रत्नागिरी-रायगडची कितीतरी माणसं इथे कॉन्ट्रॅक्टवर एकेकटी राहून काम करतात. मला वाटलं, बेटावर दुरुस्तीचं काम चालतं, त्यातलाच कुणी असेल.

अंगणात भिंतीला टेकून एक माणूस जाळं सांधत बसला होता.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायला हवी. अनोळखी पुरुषांच्या चेहऱ्याकडे मी बघत नाही. लिफ्टमध्ये, बसमध्ये, ऑफिसात, कुठेच नाही. लाज म्हणा, सवय म्हणा. नजर खाली जाते आणि मग मी हात बघते, बूट बघते. त्यावरून मला माणूस बराच कळतो. म्हणून मी पाहिले ते त्याचे हात. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. उन्हाने काळवंडलेले हात, त्यावर काळे केस – म्हातारा नव्हता. अंगठ्याच्या बुडाशी जुना कापल्याचा वण. जाळं सांधायची लाकडी सुई त्याच्या डाव्या हातात होती.

“नाही, वेळ आहे अजून,” मी म्हटलं. तेही इंग्लिशमध्ये. घाईत माझ्या तोंडून इंग्लिशच येतं.

त्याचं काही अडलं नाही. “मंग बरं. कोनाची गो तू?”

गावी कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच. मी कुवेतमध्ये वाढलेली मुलगी – नाव, पत्ता, बाप कुठे काम करतो, अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही, हे अंगात मुरलेलं. मी म्हटलं, “इंडिया.”

“इंडिया मोठी हाय,” तो म्हणाला आणि हसला. “आमच्या खाडीकडची दिसतेस. चिकलातून चालल्यागत पाय टाकतेस.”

मला हसू आलं, कारण पप्पाही मला हेच म्हणतात.

“पिशवीत सुकट हाय.”

मी पिशवी पाठीमागे घेतली.

“लपवतेस काय? सुकट कंदी लपलीय?”

कधी नव्हे ते मला त्या वासाची लाज वाटली नाही. मी विचारलं – या वेळी मराठीत – “भाकरी देऊ का? अम्मीने केलीय.”

“नको गो. घरी जाऊन जेवीन.” मग दोऱ्याचं एक टोक माझ्याकडे केलं. “हे धर जरा. ताणून धर.”

मी अशी बसणारी मुलगी नाही. कुणाही अनोळखी माणसाबरोबर, रिकाम्या घरात, एकटी... माझी मैत्रीण असं वागली असती तर मीच तिला ओरडले असते. पण मी समोरच्या दगडावर बसले आणि दोरा धरला. मनाला काही टोचलं नाही, हे मला आजही सगळ्यात विचित्र वाटतं.

“डावा हात!” तो म्हणाला. मी दोरा डाव्या हातात धरला होता. मी डावखुरी आहे, लहानपणी जेवताना ओरडा खाल्लाय त्यावरून. “माज्यासारकी. शाळंत मारतात काय?”

“नाही.”

“मला लय मारलं. हात काय ऐकला नाय.” सुई भोकातून गेली, वळली, दोरा बोटाखाली दाबला गेला. “बघ, असं. उजव्या हातवाल्यांचं बघशील तर शिकनार नायस. माजं बघ.”

त्याने मला गाठ शिकवली. दोन वेळा माझी सुटली. तो नुसता परत दाखवायचा, आधीपेक्षा सावकाश. तिसऱ्यांदा बसली.

“ओढून बघ. सुटली तर मासा गेला.”

ओढली. सुटली नाही. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. एखाद्या लहान मुलीला शाबासकी मिळावी तसा. आणि त्याने शाबासकी दिलीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात लांबून गाइडची शिट्टी आली. मी उठले, पिशवी घेतली. नमस्कार करावा की सलाम, कळेना, म्हणून नुसतं म्हटलं, “जाते मी.”

“जा. ह्ये शेवटचं भोक ऱ्हायलंय.” हात थांबले नव्हते. “जातेस तर घरी सांग, भात टाकायला. येवडं झालं की आलोच.”

मला वाटलं, त्यांच्या कॅम्पवरच्या स्वयंपाक्याला निरोप द्यायचा असेल. कॅम्प कुठे आहे, विचारायला हवं होतं. पण मी लाजून “बरं” म्हटलं आणि निघाले.

अम्मी बोटीच्या रांगेत उभी होती. डोळे सुजलेले. मी जवळ गेल्यावर म्हणाली, “काही नाही तिथे. नुसता समुद्र आहे.” आणि मग, “पप्पांना सांग, दोघांचंही नाव घेऊ.” हे म्हणताना तिचा आवाज दुकानात हिशोब सांगावा तसा कोरडा होता. तो आवाज मला ऐकवेना.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मी ती गंमत सांगितली. आपल्याकडचा एक माणूस भेटला, सुकटाचा वास ओळखला, मला जाळं सांधायला बसवलं, आणि जाताना म्हणतो काय – घरी सांग, भात टाकायला. “मी काय त्यांच्या मेसची पोरगी वाटले काय त्याला!”

अम्मीने माझं मनगट धरलं.

“काय म्हणाला?”

“भात टाकायला सांग म्हणाला.”

“तसं नाही. तो म्हणाला तसंच सांग. त्याच्यासारखं.”

मी सांगितलं. जसंच्या तसं. शेवटचं भोक, येवडं झालं की आलोच.

“कुठे?”

अम्मीला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. गुडघे दुखतात तिचे. गाइड मागून ओरडत होती, लोक बघत होते. गल्लीच्या शेवटचं ते घर... दारात वाऱ्याने वाळूचा ढीग लावलेला, त्यावर बुटांचे ठसे. आत जाणारे आणि बाहेर येणारे. दोन्ही माझेच. मी बसले होते तो दगड होता. समोर भिंतीपाशी वाळू सपाट, पाण्याने सारवल्यासारखी. जाळं नाही, दोऱ्याचा तुकडा नाही. दुसरं दारही नव्हतं त्या अंगणाला.

अम्मीने हाक मारली, “बाबा.” ओरडून नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी.

एक मांजर भिंतीवरून उतरून गेलं. दुसरं काही झालं नाही.

“चेहरा कसा होता?” तिने माझ्याकडे न बघता विचारलं. “सना, चेहरा सांग मला.”

आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. “मी बघितला नाही, अम्मी. मी हात बघितले.”

बोटीचा भोंगा वाजला.

परतताना फेरीवर तिने माझा डावा हात मांडीवर घेतला. पहिल्या बोटावर दोरा ताणून धरल्याचा लाल वळ होता. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, “करून दाखव.” मी जॅकेटच्या टोपीची दोरी ओढून काढली आणि गाठ घातली. तिने ती उजेडाकडे धरली, पालथी केली, सुलटी केली.

तेव्हा तिने सांगितलं. गावातले सगळे उजव्या हाताने जाळी सांधायचे, त्यांच्या गाठी एका अंगाला पडायच्या. नाना एकटे डावखुरे. त्यांच्या गाठी दुसऱ्या अंगाला. लोक चेष्टा करायचे, ह्याच्या जाळ्यात मासा उलटा शिरतो. आणि नानांची एक रीत होती. बोट धक्क्याला लागली तरी लगेच घरी यायचे नाहीत. फाटलेलं जाळं उद्यावर टाकायचं नाही. तिथेच बसून सगळं सांधायचे, आणि शेवटचं भोक उरलं की धक्क्यावर वाट बघत बसलेल्या अम्मीला पळवायचे, “जा, भात टाकायला सांग.” तो निरोप आल्यावर नानी तांदूळ सोडायची. भात होईतो नाना हातपाय धुऊन दारात.

“मा तेवढ्यासाठी थांबायची,” अम्मी म्हणाली. “शेवटपर्यंत. पोरं ओरडली की टाकायची, पण थांबायची.”

आणि मी चुलीपाशी उभं राहून किती वेळा ओरडले होते ते मला आठवलं.

घरी पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते भाविक आहेत, पण भोळे नाहीत. “रत्नागिरीचा कोणी खलाशी असेल. आपल्याकडे डावखुरे काय कमी आहेत? थांब, विचारतो.” त्यांनी आपल्या लोकांच्या ग्रुपवर विचारलं, दोघा-तिघांना फोन केले. मी त्या गाइडला मेसेज केला. तिचं उत्तर आलं की बेटावरचे कामगार इजिप्तचे आणि बांगलादेशचे आहेत आणि शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. ग्रुपवरही कुणाच्या ओळखीचं कुणी तिथे निघालं नाही. मग पप्पा म्हणाले, मला उन्हात झोप लागली असेल. मग, लहानपणी गावी कुणीतरी ती गाठ शिकवली असेल. अम्मी म्हणाली, “कोण शिकवणार? बाबा गेल्यापासून आमच्या घरात जाळं आलंच नाही.” माझ्या बोटावरचा वळ सकाळपर्यंत गेला.

शबेबरातच्या दिवशी मात्र अम्मी-पप्पांचं वाजलं. पप्पांचं म्हणणं सरळ होतं. “रुकय्या, तू म्हणतेस ते बाबाच होते. ठीक. ते ‘येतो’ म्हणाले. येतो म्हणणाऱ्या माणसाची फातेहा कशी देऊ मी? तुझ्या आईने इतकी वर्षं दिली नाही.”

अम्मी तांदूळ धुवत होती. “येतो म्हणाले. कुठे?”

“घरी.”

“कुठलं घर? गावच्या घराला कुलूप आहे. किल्ली शेजाऱ्यांकडे.” तिने पाणी ओतून टाकलं. “मा होती तोवर त्यांनी निरोप पाठवला नाही. जाळं सांधून झालं नव्हतं. काम संपल्याशिवाय बाबा कधी निरोप पाठवायचे नाहीत. आता पाठवला. मा जिथे आहे तेच घर.”

पप्पांनी खिशातून नमाजाची टोपी काढली.

“आणि मा म्हणायची ना, कोनी जाऊन बघितलंय काय,” अम्मी म्हणाली. “सनाने बघितलं.”

मग्रिबच्या, संध्याकाळच्या नमाजनंतर पप्पा हलव्याच्या ताटासमोर बसले. अगरबत्ती लावली. पप्पांनी आपल्या आईवडिलांची नावं घेतली, मग नानीचं – हलीमा. आणि थांबले. स्वयंपाकघरात आधणाचं झाकण खडखडत होतं. पाणी कधीचं उकळलं होतं, पण अम्मी धुतलेल्या तांदळाचं भांडं हातात घेऊन ओट्यापाशी नुसती उभी होती. माझ्याकडे बघत होती.

काय करायचं ते मला कळलं. मी नानांना ‘बरं’ म्हणून आले होते.

“अम्मी,” मी म्हटलं, “भात टाक.”

तिने तांदूळ सोडले. मग बाहेर येऊन, ओल्या हाताने डोक्यावरचा पदर नीट केला आणि पप्पांना म्हणाली, “इस्माईल.” वडिलांचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

बस, एवढंच. भूत होतं, भास होता, की खरंच कुणी माणूस होता आणि वाळूवर त्याचे पाय उमटले नाहीत – मला सांगता येत नाही, आणि इथल्या कुणाला सांगता येत असेल तर मी वाचेन, पण वाद घालणार नाही. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एक गाठ आहे. कधीही दोरा द्या, मी घालून दाखवेन. ती सुटत नाही. चेहरा मात्र नाही.

अम्मीने त्यानंतर चेहऱ्याबद्दल मला कधी विचारलं नाही. पण संध्याकाळी ओट्यापाशी काम करता करता ती मधेच थांबते, आणि इतक्या वर्षांत कुवेतमध्ये कधी बोलली नाही त्या गावच्या बोलीत विचारते, “आवाज कसा होता गो?”

मी सांगते. सुकट कंदी लपलीय, हात काय ऐकला नाय, येवडं झालं की आलोच... पहिल्यापासून शेवटपर्यंत, आठवतं तसं सगळं, त्याच्यासारखं. ती ऐकून घेते. मग भात टाकते.